टांकसाळीतल्या मिस्त्रींचे वाचनालय

रे रोड स्थानकातून बाहेर पडून दारूखान्याकडे वळले की लोखंड कापल्याचा आवाज कानी येऊ लागतो. भंगाराची दुकाने, गोदामे, हातगाड्या यांच्या गर्दीत ग्रंथालयाची आठवण येण्याचे काही कारण नाही. पण मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयाचा उगम अशाच लोखंडाशी झुंजणाऱ्या हातांत आहे.

काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी ही एका धनिकाची देणगी, असा सर्वसाधारण समज आहे. नावावरून तसे वाटणे साहजिकच. मात्र संस्था वास्तूपेक्षा दोन दशकांनी जुनी आहे. १८४७ साली सरकारी टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण मिस्त्री-फोरमन मंडळींनी 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' स्थापन केली. यंत्रांच्या प्रतिकृती, इमारतींचे आराखडे आणि पुस्तके एकत्र ठेवावीत, अशी मूळ कल्पना होती. कामगाराने दिवसभराच्या कष्टानंतर आपल्या धंद्यामागचे शास्त्र शिकावे, ही चळवळ ब्रिटनमध्ये १८२०च्या दशकात रुजली होती. लंडनची अशी संस्था १८२३ची.

स्वतःची इमारत उभारणे मिस्त्रींच्या आवाक्यातले नव्हते. डेव्हिड ससून यांनी ६०,००० रुपये दिले. एकूण खर्च सुमारे सव्वा लाख. उरलेला भार सरकारने उचलला. मालाडच्या पिवळसर दगडातली ही वास्तू १८७०मध्ये पूर्ण झाली. ती पाहायला ससून नव्हते. १८६४मध्येच त्यांचे निधन झाले होते. जिन्याजवळ त्यांचा पुतळा आहे, प्रवेशद्वारावर त्यांचे मुखशिल्प आहे. 'मेकॅनिक्स' हा शब्द मात्र पुढे नावातून गळाला.

हा बदल केवळ पाटीवरचा नाही. यंत्राचे शास्त्र शिकण्याची जागा हळूहळू सर्वसाधारण वाचकाची झाली. वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यातल्या आरामखुर्च्या आज सर्वांना ठाऊक आहेत; ज्यांच्या गरजेतून संस्था निघाली, ते मिस्त्री फारसे कुणाला आठवत नाहीत.

अलीकडच्या जीर्णोद्धारात सिमेंटचा स्लॅब काढून मूळच्या धर्तीचे उतरते लाकडी छप्पर पुन्हा बसवले गेले. २०२३मध्ये लायब्ररी वाचकांसाठी पुन्हा खुली झाली. छपराचे मूळ रूप शोधावेसे वाटले, तसे संस्थेचे मूळही सांगितले गेले पाहिजे. रे रोडहून हार्बर लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की काळा घोडा पायी गाठता येतो. दारूखान्यातल्या एखाद्या कारागिराला ही वाट आपलीही आहे, हे कळायला हवे.