गव्हाचे पथ्य आणि मुंबईचा प्रवास

दरवर्षी ६ डिसेंबरला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आपला समाज दादरच्या चैत्यभूमीवर येतो. एरवीही कोणी इस्पितळासाठी, कोणी परीक्षेसाठी मुंबई गाठतो. परंतु ज्या घरात एखाद्याला गहू वर्ज्य आहे, त्या घराला तिकिटाआधी जेवणाची चिंता पडते.

या आजाराला सीलिअ‍ॅक म्हणतात. गहू व जव यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की रुग्णाचे शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. जुलाब, पोटफुगी, रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे. ग्लुटेन आयुष्यभर टाळणे हाच उपचार. ‘एका घासाने काय होते?’ असे म्हणून चालत नाही. मात्र शंका आल्यास आधी रक्ततपासणी करावी. त्यापूर्वीच गहू बंद केल्यास निदान चुकू शकते.

मग मुंबईत खावे काय? उडुपी हॉटेलात इडली मिळते. इडलीचा रवा तांदळाचा असतो, पण ‘रवा इडली’ आणि ‘रवा डोसा’ गव्हाचा! साधा डोसाही त्याच तव्यावर होत असेल तर टाळावा. सांबारात हिंग असतो, आणि डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. मालवणी खानावळीत भात व तांदळाची भाकरी मिळते. पण तळलेली मासळी बऱ्याचदा रव्यात घोळवतात. वडापावातला पाव मैद्याचा. वडा बेसनाचा खरा, परंतु त्याच कढईत समोसे तळले तर तोही बाद. भेळेतली पुरीही गव्हाची. उकडलेली अंडी, केळी, साधा भात, दही यांवर भिस्त ठेवावी. घरून ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाणे, चुरमुरे न्यावेत. भाकरीचे पीठ मात्र गव्हाच्या चक्कीवर दळलेले नसावे.

आमच्या माहितीतल्या एका माउलीला हॉटेलात ‘यात काय घातलेय?’ असे विचारण्याचा संकोच वाटे. गल्ल्यावरचा माणूस हसेल, नखरे म्हणेल, ही भीती. बंधू-भगिनींनो, एके काळी हॉटेलात आपल्याला कप वेगळा ठेवला जाई. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने त्या हॉटेलात समान प्रवेशाचा हक्क दिला. आत जाऊन, पैसे मोजून, लेकराच्या जिवासाठी प्रश्न विचारण्यात लाज कसली? ‘आजार आहे, गहू, मैदा, रवा, हिंग नको, पळी वेगळी घ्या,’ एवढे स्पष्ट सांगावे. उत्तर गोलमाल आले तर उठावे.

६ डिसेंबरला अन्नदान करणाऱ्या मंडळांनाही आमची विनंती आहे. पुरी-भाजीच्या शेजारी साध्या भाताचे आणि बिनहिंगाच्या वरणाचे एक झाकलेले पातेले ठेवा. त्याची पळी वेगळी असू द्या, वर पाटी लावा : ‘यात गहू नाही.’ बाबासाहेबांना अभिवादन करायला आलेले एकही लेकरू आपल्या पंगतीतून उपाशी उठू नये.

जयभीम!