विश्लेषण : ‘इंटरनेट तपासा’ म्हणणाऱ्या ॲपला खरे कारण ठाऊक असते का?

आष्टी (जि. वर्धा) तालुक्यातील एखादा शेतकरी ई-पीक पाहणीसाठी धुऱ्यावर उभा राहतो, सोयाबीनचा फोटो काढतो आणि बटण दाबतो. पडद्यावर चक्र फिरत राहते आणि शेवटी ‘कृपया इंटरनेट तपासा’ असे उमटते. त्याच क्षणी त्याच फोनवर व्हॉट्सॲपचा संदेश मात्र येऊन पडतो. मग इंटरनेट होते की नव्हते? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पाहणीतून सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. आपत्तीची मदत आणि हमीभावाने खरेदी अशा कामांत ती नोंद विचारात घेतली जाते. मुदत संपत आली असताना दोष आपल्या फोनचा की पलीकडच्या सर्व्हरचा, हे कळणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

ॲपला ‘जोडणी झाली नाही’ हे कोण सांगते?

ॲप स्वतः टॉवरशी बोलत नाही. ‘या सर्व्हरशी जोडून दे’ अशी विनंती ते फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमला करते. जोडणीची खटपट सिस्टीम करते आणि जमले नाही तर ॲपच्या हाती एक क्रमांक ठेवते. ‘सॉकेट’ नावाची ही पद्धत अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समधून १९८३ मध्ये रूढ झाली आणि आजही तीच चालते. अँड्रॉइडचा गाभा असलेल्या लिनक्समध्ये १०१ म्हणजे नेटवर्कच नाही, १११ म्हणजे समोरच्याने नकार दिला, ११० म्हणजे वाट पाहिली पण उत्तर आले नाही, १०४ म्हणजे झालेली जोडणी समोरून तोडली गेली. विंडोजचे आकडे वेगळे आहेत, अर्थ तेच.

म्हणजे ॲपला चार वेगळी कारणे मिळू शकतात. वापरकर्त्याला मात्र बहुधा एकच वाक्य दिसते, कारण अनेक ॲप बनवणारे सगळे आकडे एकाच टोपलीत टाकून मोकळे होतात.

नावातच घोळ झाला तर?

जोडणीच्या आधी एक पायरी असते. सर्व्हरच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधावा लागतो आणि हे काम डीएनएस ही यंत्रणा करते. ‘आष्टीला जायचे’ एवढेच सांगितले तर चालक विचारणारच, कोणती आष्टी? वर्ध्याची, बीडची की गडचिरोलीची? पत्ता ठरल्याशिवाय गाडी हलत नाही, तसेच इथेही. पत्ता मिळाला नाही तर सर्व्हरपर्यंत काहीच पोहोचलेले नसते. ब्राउजर अशा वेळी ‘नेम नॉट रिझॉल्व्ड’ असे लिहितो.

नकार आणि मौन यांत फरक काय?

तहसील कार्यालयात गेल्यावर ‘ही खिडकी आज बंद आहे’ असे शिपायाने सांगितले, तर निदान कार्यालयापर्यंतचा रस्ता ठीक आहे हे कळते. १११ चा अर्थ बहुतेक वेळा तोच असतो. विनंती तिथवर गेली, पण ती घेणारा प्रोग्राम चालू नव्हता आणि यंत्राने लगेच तसे कळवले. हे उत्तर क्षणात येते.

मौनाचे तसे नाही. लिनक्सच्या जुन्या, रुळलेल्या पद्धतीत पहिल्या विनंतीला उत्तर आले नाही की सिस्टीम १ सेकंद थांबून पुन्हा विचारते, मग २, ४, ८, १६, ३२ सेकंद थांबत एकूण सहा वेळा. शेवटचे ६४ सेकंद धरले तर १२७ सेकंदांनंतर ती हात टेकते. एवढा धीर ॲपना नसतो. अँड्रॉइडवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ओकेएचटीटीपी’ या तयार संचात मूळ मर्यादा १० सेकंदांची आहे. बनवणाऱ्याने ती वाढवली नाही, तर बाराव्या सेकंदाला येणारे उत्तरही ‘अपयश’ ठरते. शहरातल्या कार्यालयात बसून ठरवलेले दहा सेकंद धुऱ्यावर पुरत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. सर्व्हरवर गर्दी होऊन रांग भरली, तर लिनक्स सहसा नकार कळवत नाही. तो नवी विनंती नुसती टाकून देतो. त्यामुळे मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोलमडलेला सर्व्हर आणि टॉवरच्या टोकाला असलेले शेत, दोन्ही फोनला सारखेच दिसतात : मौन. इथे ॲपच काय, ऑपरेटिंग सिस्टीमलाही खरे कारण कळत नाही.

दांड्या पूर्ण, तरी नेट का नाही?

सिग्नलच्या दांड्या फोन ते टॉवर एवढ्याच टप्प्याचे सांगतात. टॉवरच्या मागची तार तुटली असेल, तर दांड्यांना त्याचा पत्ता नसतो. यासाठी अँड्रॉइड स्वतंत्रपणे गुगलच्या एका रिकाम्या पानाला हाक मारून पाहतो. ठरलेले ‘२०४’ हे उत्तर मिळाले नाही, तर चिन्हाजवळ उद्गारचिन्ह किंवा ‘इंटरनेट नाही’ अशी सूचना येते.

पैसे पाठवताना अडकले तर?

सर्वांत अडचणीचा प्रकार हाच. कृषी सेवा केंद्रात खताचे पैसे यूपीआयने दिले, विनंती निघाली आणि नेटवर्क गेले. आता विनंती वाटेत हरवली की ती पोहोचली आणि परतीचे उत्तर हरवले, हे सिस्टीम सांगू शकत नाही. जोडणी आधीच झालेली असल्याने लिनक्स १५ वेळा पुन्हा पाठवून पाहतो. त्याच्या हिशेबाने हार मानायला सुमारे पंधरा मिनिटे लागतात. ॲप त्याच्या कितीतरी आधी थांबते आणि ‘पेंडिंग’ लिहिते. ‘वेळ संपली’ म्हणजे ‘पैसे गेले नाहीत’ असे नव्हे. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवले, तर ते दोनदा जाऊ शकतात. आधी बँकेची शिल्लक आणि व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक पाहावा.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले पैसे खात्यातून वजा झाले पण समोर जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागता द्यायची आहे.

मग दोष कुणाचा, हे कसे ओळखावे?

चूक लगेच दिसली की चक्र बराच वेळ फिरल्यावर, हे पाहावे. क्षणात आलेला संदेश बहुधा नेट बंद असल्याचा, पत्ता न सापडल्याचा किंवा सरळ नकाराचा असतो. उशिराचा म्हणजे मौन. मग ब्राउजरमध्ये दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले आणि हवे ते उघडत नसेल, तर अडचण पलीकडे असण्याची शक्यता जास्त. फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू करून तिथे काही होत नाही. क्रोमच्या पानावर चुकीच्या संदेशाखाली बारीक अक्षरांत कारण लिहिलेले असते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ किंवा ‘टाइम्ड आउट’ लिहिलेल्या त्या पानाचा स्क्रीनशॉट तक्रारीसोबत जोडला, तर ‘तुमचेच नेट खराब असेल’ हे उत्तर देणे समोरच्याला थोडे जड जाते.