पापणीवर दुसऱ्यांदा शस्त्र चालविण्यापूर्वी



वयोमानाने वरच्या पापणीची कातडी सैल होऊन लोंबू लागते, खालच्या पापणीखाली फुगवटे येतात आणि मनुष्य थकलेला नसतानाही थकलेला दिसू लागतो. यावर उपाय म्हणून कित्येक स्त्रीपुरुष पापणीवर शस्त्रक्रिया करवून घेतात. पुष्कळांना समाधान लाभते. परंतु काहींच्या पदरी निराशा येते. एक डोळा मोठा तर दुसरा लहान दिसतो, व्रण उठून दिसतो, डोळे खोल गेल्यासारखे वाटतात, अथवा झोपेत पापणी पुरती मिटत नाही. मग मनात एकच विचार घोळू लागतो : पुन्हा एकदा शस्त्रक्रिया करून घ्यावी काय? हा निर्णय कोणत्या कसोट्यांवर घ्यावा, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम पापणीची रचना ध्यानात घेऊ. सर्व शरीरात सर्वांत पातळ कातडी पापणीची असते. तिची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. तिच्याखाली डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू असतो. त्याच्या आत चरबीच्या लहान गाद्या आणि वरची पापणी उचलणारा स्नायू असतो. आपण पापण्या मिटतो तेव्हा प्रत्येक वेळी अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पसरतो. तो थर राहिला नाही तर बुबुळ कोरडे पडते, त्यावर जखमा होतात आणि अखेरीस दृष्टीलाच बाध येतो. तेव्हा पापणी चेहऱ्याची शोभा खरीच. पण तिचे पहिले काम डोळ्याची राखण करण्याचे आहे.

ही गोष्ट आपल्याकडील प्राचीन वैद्यांना चांगली ठाऊक होती. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचू लागतात, त्या विकारावरील शस्त्रक्रिया सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितली आहे. भुवईखालचे दोन भाग व केसांलगतचा एक भाग सोडून मधली जवाच्या आकाराची कातडी कापावी आणि केसाने टाके घालावे, असा तो विधी आहे. किती कापावे याच्याआधी किती सोडावे हे तेथे सांगितले आहे. आजचे शल्यविशारदही हेच माप धरतात. भुवई आणि पापणीचा काठ यांमध्ये साधारणपणे २० मिलिमीटर कातडी उरली पाहिजे, तरच डोळा सुखाने मिटतो, असा त्यांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी हाच हिशेब अधिक कठीण होतो. पहिल्या वेळी कातडी कमी कापली गेली असेल, तर उरलेली थोडी काढणे तुलनेने सोपे असते. परंतु जास्त कापली गेली असेल, तर ती कोठून तरी आणावी लागते. दुसऱ्या पापणीची अथवा कानामागची कातडी घेऊन तेथे जोडतात. मात्र तिचा रंग व जाडी तंतोतंत जुळेलच असे नाही. चरबी अधिक काढल्याने डोळा खोल गेला असेल, तर शरीराच्या अन्य भागातील चरबी तेथे भरतात. खालची पापणी ओढली गेली असेल, तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला आधार देऊन ती वर घेतात. ही सर्व कामे जुन्या व्रणातून वाट काढून करावयाची असतात. पहिल्या वेळी सुटे असलेले थर आता एकमेकांना चिकटलेले असतात. म्हणून परिणामाचा अंदाज पहिल्या वेळेइतका खात्रीने बांधता येत नाही.

आणखी एक प्रकार आहे. कधी कधी दोष कातडीत नसून पापणी उचलणाऱ्या स्नायूच्या दुर्बलतेत असतो, अथवा भुवईच खाली उतरलेली असते. अशा वेळी पुन्हा कातडी कापल्याने लाभ तर होत नाहीच, उलट हानी होते. यास्तव ‘पुन्हा करा’ असे म्हणण्यापूर्वी ‘मूळ दोष कोणता?’ असा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

आता काळाविषयी. बहुतेक सूज आणि काळेनिळेपणा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. परंतु बारीक सूज कित्येक महिने रेंगाळते. व्रण आरंभी लाल व कठीण असतो. तो मऊ व फिकट होण्यास सहा महिने ते एक वर्ष लागते. दोन्ही डोळे एकाच गतीने भरून येत नाहीत, म्हणून दुसऱ्या महिन्यात दिसणारा फरक आठव्या महिन्यात दिसेनासा होऊ शकतो. केवळ रूपाचा प्रश्न असेल तर निदान सहा महिने थांबावे, हा सर्वमान्य नियम याच कारणाने झाला आहे.

मात्र दोन प्रसंगी थांबणे घातक ठरते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही तासांत वा दिवसांत डोळ्यात तीव्र वेदना होऊ लागल्या, डोळा पुढे येऊन टणक झाला, अथवा अंधुक दिसू लागले, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टीच्या मज्जातंतूवर दाब आलेला असू शकतो. असे क्वचितच घडते. परंतु घडल्यास काही तासांतच दृष्टी जाऊ शकते. दुसरा प्रसंग असा की डोळा मिटत नाही, तो लाल होऊन दुखतो, उजेड सहन होत नाही. तेव्हाही त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे.

आपल्या भोपाळकरांना यासंबंधी एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री विषारी वायूने हजारो लोकांचे डोळे भाजून निघाले. पुढील वर्षांतील तपासण्यांत पुष्कळ गॅसपीडितांच्या डोळ्यांतून वरचेवर पाणी येणे, चुरचुरणे असे त्रास टिकून राहिल्याचे आढळले. त्या रात्री जी मुले होती ती आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. म्हणजे पापण्या सैल पडण्याच्या वयात आली आहेत. ज्यांचे डोळे त्या रात्री दुखावले, त्यांनी ही हकीकत शल्यविशारदाला न विसरता सांगावी. डोळ्यात किती ओल आहे हे पाहण्याची परीक्षा अगदी साधी आहे. कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते हे मोजतात. कोरड्या डोळ्यावरची पापणी आणखी आखूड करणे म्हणजे दुखणे विकत घेणे होय.

मनाचाही विचार करावयास हवा. शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे काढून पाहावी. कोणाच्याही चेहऱ्याच्या दोन्ही बाजू पूर्वीपासूनच अगदी सारख्या नसतात. पण शस्त्रक्रियेनंतर आपण त्या प्रथमच बारकाईने पाहू लागतो. आपल्याला खुपणारा दोष घरच्यांना दाखवूनही दिसत नसेल आणि आपला दिवस मात्र आरशापुढेच जात असेल, तर आधी मनोवैद्याचा सल्ला घ्यावा. १८९१ साली मोर्सेली या इटालियन वैद्याने या विकाराला नाव दिले. त्यावर उपचार आहेत. परंतु शस्त्रक्रियेने तो बरा होत नाही.

एवढे करूनही दुरुस्ती आवश्यक वाटली, तर पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे मागून घ्यावी. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणीपासून ७२ तासांत ती रुग्णाला मिळावयास हवीत. ती घेऊन पापणीच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. मग तो प्लास्टिक सर्जन असो वा पापण्यांचे विशेष शिक्षण घेतलेला नेत्रशल्यविशारद असो. पहिल्या शल्यविशारदाला दुखावण्याच्या भीतीने संकोच करू नये. त्याच्याशीही मोकळेपणाने बोलावे, कारण आत काय केले हे त्यालाच सर्वांत चांगले ठाऊक असते. रुग्णाची संमती त्या विशिष्ट शस्त्रक्रियेपुरतीच असते आणि तिच्यातील धोके व अन्य पर्याय त्याला आधी समजावून दिले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. म्हणून सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे. मूळ दोष कोणता? पापणीवर किती कातडी उरली आहे? काहीच केले नाही तर काय होईल? आणि ही दुरुस्तीही फसली तर पुढे कोणता मार्ग उरेल?

या चार प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर निर्णय पुष्कळसा सोपा होईल. ती मिळत नसतील, तर सही करू नये. रूपातील उणीव आणखी काही महिने सोसता येते. दृष्टी गमावली तर ती भरून येत नाही.