वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : पहिल्या भेटीत काय होतं?

बेरिअॅट्रिक सर्जरी करावी की नाही, हा आजचा विषय नाही. ती करायचा विचार मनात आला आणि सर्जनची वेळ घेतली, तर त्या पहिल्या भेटीत काय काय होतं, तेवढंच आज बघू. काही जण या भेटीला गुन्हा कबूल करायला निघाल्यासारखे जातात, तर काही जण थेट ऑपरेशनची तारीखच मागतात. खरं म्हणजे ही भेट एकमेकांना तपासण्यासाठी असते. डॉक्टर तुम्हाला तपासतात, तसं तुम्हीही त्यांना तपासायचं.

सुरुवात वजनकाट्यापासून. वजन आणि उंचीवरून बीएमआय काढतात. समजा एखाद्या बाईंची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ९८ किलो आहे. त्यांचा बीएमआय येतो साधारण ३९.३. भारतातले सर्जन बरीच वर्षं असा निकष धरत आले आहेत, की बीएमआय ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी तर आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करायला हरकत नाही असं म्हटलंय. कारण आपल्याकडे तेवढ्याच वजनात पोटावरची चरबी जास्त असते आणि साखर लवकर वाढते.

पण विम्याचा हिशोब वेगळा आहे, आणि घोटाळा इथेच होतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या निकषात बीएमआय किमान ४० लागतो. किंवा किमान ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार : औषधांनी आटोक्यात न येणारा टाइप टू मधुमेह, हृदयाच्या धमन्यांचा विकार, लठ्ठपणामुळे दुबळं झालेलं हृदय किंवा गंभीर स्लीप अॅप्निया, आणि तोही इतर उपाय करून वजन उतरलं नसेल तर. म्हणजे आपल्या या बाई डॉक्टरांच्या निकषात बसतात. पण यातला कुठलाच आजार नसेल तर विम्याच्या निकषात बसत नाहीत. अवघ्या दोन किलोंनी! म्हणून ‘विमा मिळेल ना?’ एवढंच विचारून थांबू नका. आपल्या पॉलिसीत ही शस्त्रक्रिया आहे का, तिला थांबण्याचा काळ किती, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

मग येते चौकशी. आजवर काय काय केलं? डाएट, जिम, गोळ्या, काढे, किती उतरलं, किती दिवसांत परत आलं? हा इतिहास घरीच कागदावर लिहून न्या. चालू औषधं पाकिटांसकट न्या, जुने रिपोर्टही न्या. घोरता का, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो का, हेही विचारतील. घोरण्याचं उत्तर घरच्या माणसाकडूनच खरं मिळतं! पण सोबतचं माणूस ‘हिचं तोंडच सतत चालू असतं’ असं सुरू झालं, तर डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीने बोलायचंय असं स्पष्ट सांगा. रात्री उठून खाणं, रागात किंवा दुःखात खाणं, दारू या गोष्टी चारचौघांत कोणी बोलत नाही. आणि नेमकं तेच डॉक्टरांना कळायला हवं असतं.

तंबाखूबद्दल मुद्दाम सांगते. ‘तंबाखू घेता का?’ या प्रश्नाला आपल्याकडच्या कितीतरी बायका सरळ ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या हिशेबी तंबाखू नसते, दात घासायची वस्तू असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि बायपासनंतर आतड्याच्या जोडावर अल्सर होण्याची भीती वाढते. लाजू नका, सांगा. आम्ल वर येत असेल, छातीत जळजळत असेल, तर तेही सांगा. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात, तो परत जोडता येत नाही. आणि त्यानंतर जळजळ वाढू शकते. अशा माणसाला बायपास जास्त योग्य ठरू शकतो. शेजारणीची स्लीव्ह झाली म्हणून आपलीही स्लीव्हच, असं नसतं. पुढे मूल हवं असेल तर तेही याच भेटीत सांगा, कारण शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात.

तपासण्यांची यादी लांबलचक असते. एचबीए१सी, थायरॉइड, लोह, बी१२, ड जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, हृदयाची तपासणी, बहुतेक ठिकाणी एंडोस्कोपी, गरजेप्रमाणे झोपेची तपासणी. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडेही पाठवतात. मानसोपचाराचं नाव ऐकून बिचकू नका. पुढे आयुष्यभर थोडं थोडं, सावकाश खायचं असतं, रोज जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायच्या असतात. हे पेलेल का, ते ते बघतात. शाकाहारी असाल तर आहारतज्ज्ञांना थेट विचारा, रोजची साठेक ग्रॅम प्रथिनं मी कुठून आणू? वरण-भातात ती भागत नाहीत. चातुर्मासातले उपास असतील तर तेही आत्ताच सांगा. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड या इंजेक्शनांबद्दलही विचारा. २०२५ पासून ती वजनासाठी भारतात रीतसर मिळतात. काहींना ती पुरतात. पण बंद केल्यावर वजन बहुधा परत चढतं. चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही.

आणि आता तुमची पाळी. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? टाके गळणं, रक्तस्राव असं काही झालं तर रात्री कोण बघेल? पाच वर्षांनी तुमच्या रुग्णांचं वजन किती टिकलं? पॅकेजमध्ये काय नाही? गुंतागुंत झाली तर जादा खर्च कुणाचा? ‘आजच बुकिंग केलंत तर सूट’ असं कोणी म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच. आणि तुम्ही चेन्नईत असा की कोलकात्यात, संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत समजावून मागायचा हक्क तुम्हाला आहे. कागद घरी न्या, वाचा, सही पुढच्या भेटीत करा.