अकराच्या ठोक्याला बंद होणारं दार

1815 साली वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियन हरला. त्याच वर्षी वॉल्टर स्कॉटनं एक जुनं हस्तलिखित छापून आणलं. त्याचा विषय काय असावा? जमिनीखाली राहणारे अदृश्य लोक, म्हणजे परीलोक! ते काय खातात, कसे राहतात, माणसांना का पळवतात, याची अगदी गंभीरपणे केलेली नोंद. लिहिणारा रॉबर्ट कर्क हा स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफॉइल गावचा पाद्री. त्यानं हे लिहिलं 1690 च्या सुमारास आणि 1692 मध्ये तो वारला. पण गावानं तो मृत्यू मानलाच नाही. परीलोकांनी त्याला टेकडीखाली नेलं, असंच लोक म्हणत राहिले. कथा अशी की, नंतर तो एका बारशाच्या समारंभात दिसला. त्याच्या डोक्यावरून सुरी फेकली असती तर तो सुटला असता, कारण परीलोकांना लोखंड सोसत नाही. पण सुरी फेकायची होती तो नातलग थक्क होऊन नुसता बघतच राहिला!

कर्कची एक नोंद तर आजच्या कादंबरीकारांसाठीच केल्यासारखी वाटते. हे लोक ज्या देशाखाली राहतात, त्याच देशाचा पोशाख घालतात आणि तिथलीच भाषा बोलतात, असं तो सांगतो. म्हणजे वर जेन ऑस्टिनच्या नायिका मलमलीचे झगे घालून नाचत असतील, तर खालीही तेच झगे आणि तेच नाच!

म्हणून ऑस्टिनच्याच, म्हणजे 1811 ते 1820 या इंग्लंडमधल्या रीजन्सी काळातल्या प्रेमकथेत परीराज्य शिरलं, तरी ते परकं वाटत नाही. पण नुसत्या पोशाखानं एवढी जादू होत नाही. खरी गंमत आहे नियमांत.

लंडनमधलं ‘ऑलमॅक्स’ हे नाचघर घ्या. दर बुधवारी तिथं नाच व्हायचा. आत कोणाला घ्यायचं हे मोजक्या उमराव स्त्रिया ठरवायच्या, आणि त्यांचा परवाना नसेल तर पैसा, पदवी सगळं फुकट. रात्री अकराला दार बंद. खुद्द नेपोलियनला हरवणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला तिथून परत पाठवल्याची गोष्ट सांगतात. आत गेल्यावर तरी मोकळीक असेल? छे! ओळख करून दिल्याशिवाय नाचायचं नाही, आणि एकाच जोडीदाराबरोबर सारखं नाचलं की कुजबुज सुरू. लग्नातलं मानपान ज्यानं जवळून पाहिलंय, त्याला सांगायला नको की एवढ्याशा नियमावर किती आयुष्यं टांगलेली असतात.

आता परीदरबाराचे नियम बघा. तिथलं अन्न खायचं नाही. आपलं नाव सहजासहजी द्यायचं नाही. आणि वचन देताना शब्द न् शब्द तोलायचा, कारण तो जसाच्या तसा वसूल होतो. राणी देखणी, दरबार झगमगीत, आणि चुकीला माफी नाही. ऑलमॅक्सपेक्षा हे फार वेगळं आहे का?

शब्दाची ही ताकद लंडनमध्येही खरीच होती. लग्नाचं वचन मोडलं तर इंग्लंडमध्ये चक्क कोर्टात भरपाई मागता येत असे. आणि उत्तरेकडची सीमा ओलांडली की आणखी नवल! इंग्लंडमध्ये 1753 च्या कायद्यानं अल्पवयीनांची लग्नं अवघड केली होती. स्कॉटलंडमध्ये मात्र दोघांनी साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवरा-बायको’ म्हटलं की लग्न झालं! म्हणून पळून आलेली जोडपी सीमेवरच्या ग्रेटना ग्रीनला धावत सुटायची. तिथली लग्नं प्रसिद्ध झाली ती लोहाराच्या ऐरणीपाशी. ज्या लोखंडाला परीलोक भितात, त्याच लोखंडाच्या साक्षीनं!

या सगळ्याच्या मुळाशी मला ‘टॅम लिन’ हे जुनं स्कॉटिश कथागीत दिसतं. परीराणीनं पळवलेल्या टॅम लिनला जॅनेट सोडवायला जाते. रात्र हॅलोवीनची. तिनं त्याला घोड्यावरून ओढून घट्ट धरायचं, आणि काही झालं तरी सोडायचं नाही. तिच्या मिठीत तो साप होतो, हिंस्र श्वापद होतो, धगधगता निखारा होतो. ती सोडत नाही. इथे राजकन्या कोणाची वाट बघत मनोऱ्यात बसलेली नाही. सोडवणारी तीच आहे! रीजन्सी काळच्या इंग्लंडमध्ये लग्न होताच स्त्रीच्या हातातला पैसा कायद्यानं नवऱ्याचा व्हायचा, हे आठवलं की या मिठीचं मोल कळतं. वास्तवातल्या कायद्यानं जे तिच्या हातून काढून घेतलं, ते परीकथेनं तिच्या हाती दिलं. परीराज्यात शिरणाऱ्या रीजन्सी कादंबऱ्यांची खरी ओढ हीच आहे, असं मला मनापासून वाटतं.

ऑलिव्हिया ॲटवॉटरची ‘हाफ अ सोल’ वाचताना हे फार सुंदर उमगतं. नायिका डोराचा अर्धा आत्मा लहानपणीच एका परी-उमरावानं चोरलेला. चुलत बहीण लोखंडी कात्री खुपसून त्याला पळवून लावते, म्हणून उरलेला अर्धा वाचतो. डोराला ना भीती वाटते, ना लाज. अशी मुलगी लंडनच्या नाचघरात उभी केली तर? जे नियम बाकीच्या मुली श्वासासारखे पाळतात, ते तिच्या नजरेतून पाहिले की विचित्र, परीराज्याइतकेच अद्भुत दिसू लागतात.

या वाटेला नवीन असाल तर आधी ‘टॅम लिन’ वाचा. अर्ध्या तासाचंही काम नाही. मग ‘हाफ अ सोल’ घ्या. आणि भूक वाढलीच, तर सुझॅना क्लार्कची 2004 सालची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ हाती घ्या. ती जाडजूड आहे, पण नेपोलियनच्या काळातलं इतकं खरं वाटणारं परीराज्य मला दुसरीकडे सापडलेलं नाही.