गवत नसेल तेव्हा मेंढ्याला काय घालावे? ढेप, चुनी आणि कुटाराचा हिशेब

2024 साली बकरी ईद 17 जूनला आली, 2025 साली 7 जूनला. चांद्र वर्षामुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणजे पुढची काही वर्षे ती मे आणि एप्रिल महिन्यांत येणार. व्यापाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. मेंढा किंवा बोकड तयार करण्याचे तीन-चार महिने आता नेमके उन्हाळ्यात पडतात आणि त्या दिवसांत नागपूर जिल्ह्यात गवताची काडी दिसत नाही. शहराभोवतीच्या पडीत जमिनीवर लेआउट पडले, दक्षिणेकडे मिहानने जमीन घेतली, पेंच आणि बोरच्या जंगलात व्याघ्र प्रकल्पामुळे चराई बंद. कच्छचे रबारी मेंढपाळ कळप घेऊन विदर्भभर फिरतात, तेही शेत मोकळे झाल्यावर पऱ्हाटीचा पाला आणि कुटार यांवरच दिवस काढतात. मग मोमिनपुऱ्यातल्या कारागिराने घरामागे बांधलेली पाच-दहा जनावरे कशावर जगवायची?

उर्दूत चारा या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक जनावराचे खाणे आणि दुसरा इलाज. इलाज आपल्या बाजारातच पडलेला आहे, फक्त त्याच्याकडे माल म्हणून पाहिले पाहिजे.

मी कापडाचा व्यापारी. आमच्या धंद्यात कापूस म्हणजे रुई, बाकीचे आम्ही विचारात घेत नाही. पण 1 क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला तर रुई निघते साधारण 34 किलो आणि सरकी 60 किलोच्या वर. या सरकीचे तेल काढल्यावर जी ढेप उरते ती विदर्भातल्या प्रत्येक गोठ्यात ठाऊक आहे. सालासकट ढेपेत प्रथिने 20 ते 23 टक्के, साल काढलेल्या ढेपेत 40 टक्क्यांच्या आसपास. दाल मिलमधून तुरीची चुनी निघते, तिच्यात साधारण 16 टक्के. तेल काढलेल्या सोयाबीनच्या ढेपेत 45 टक्के. भंडारा-गोंदियाकडून धानाचा कोंडा येतो. आणि पोट भरण्यासाठी कुटार: सोयाबीनचे ऑक्टोबरमध्ये, तुरीचे जानेवारी-फेब्रुवारीत, हरभऱ्याचे मार्चमध्ये. तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार मेंढ्या आवडीने खातात, सोयाबीनचे जरा नाराजीने. त्या त्या हंगामात, मळणी होताच शेतावरून उचलले तर कुटार कितीतरी स्वस्त पडते.

खरेदी करताना आपले बांधव पोत्याचा भाव पाहतात. तसे करू नये. कापड आपण मीटरवर घेतो पण पन्हा पाहूनच ना! तसे येथे प्रथिने पाहावीत. समजा, सरकीची ढेप 33 रुपये किलो, चुनी 24 रुपये आणि सोयाबीन ढेप 45 रुपये आहे. चुनी स्वस्त वाटते. पण किलोचा भाव प्रथिनांच्या प्रमाणाने भागला तर ढेपेतील 1 किलो प्रथिने 150 रुपयांना पडली, चुनीतीलही 150 रुपयांनाच, आणि महाग दिसणाऱ्या सोयाबीन ढेपेतील 100 रुपयांना. हे आकडे उदाहरणाचे आहेत. भाव रोज हलतो. सरकीच्या ढेपेचे तर अकोला केंद्र धरून एनसीडीईएक्सवर वायदे झाले आहेत, इतका हा माल मोठा आहे. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही.

30 किलोच्या मेंढ्याला दिवसाला कोरडा चारा आणि खुराक मिळून 1 किलो ते 1200 ग्रॅम लागतो. त्यात 700 ग्रॅम कुटार आणि 300 ते 400 ग्रॅम खुराक ठेवावा. खुराकाचे एक चांगले मिश्रण असे: भरडलेला मका 35 किलो, तूर चुनी 30, सरकी ढेप 20, कोंडा 12, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो. शिवाय मूठ-दोन मूठ हिरवा पाला हवाच, कारण नुसत्या सुक्या कुटारात अ जीवनसत्त्व नसते. कुटार कमी करून खुराक वाढवला की मेंढा लवकर भरेल, असे समजणारे पुष्कळ आहेत. मेंढ्याच्या पहिल्या पोटात सूक्ष्म जीव चारा पचवतात. धान्य एकदम जास्त गेले की तेथे आम्ल वाढते आणि जनावर एका रात्रीत जाते. लग्नातला उरलेला भात आणि रोट्या कौतुकाने घातल्यामुळे ईदच्या तोंडावर मेंढे मेल्याचे प्रकार आपल्या मोहल्ल्यांत होतात. तेव्हा गवतावरून खुराकावर आणताना दहा ते चौदा दिवस घ्यावेत, रोज थोडे वाढवावे, आणि त्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी.

सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. मोठी मेंढी ते पचवते, पण दोन-तीन महिन्यांच्या आतील कोकराला ढेप देऊ नये. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. तो अति झाला की नराला, विशेषतः खस्सी केलेल्याला, मुतखडा होतो आणि लघवी अडून तो मरतो. म्हणून कोंडा थोडाच, पाणी भरपूर. खनिज मिश्रण गाई-म्हशींचे उचलून आणू नये. त्यात तांबे जास्त असते. बोकड बरेच सोसतो, मेंढीच्या यकृतात ते साठत जाऊन तिला मारते. बुरशी लागलेली ढेप किंवा पावसात भिजलेले कुटार फुकट मिळाले तरी नको.

संत्र्याच्या सालीबद्दल नेहमी विचारणा होते. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या सुमारास येतो, मृग बहाराचा फेब्रुवारीपासून. रसवाल्यांकडे साल ढिगाने पडते. ओली साल दोन दिवसांत कुजते, म्हणून गच्चीवर पातळ पसरून कडक वाळवावी. वाळलेल्या सालीत ताकद मक्याच्या जवळपास असते, प्रथिने मात्र जेमतेम 6-7 टक्के. तेव्हा ती मक्याच्या जागी थोडी चालेल, ढेपेच्या जागी नाही.

ज्यांच्याकडे धानाचे तणस आहे त्यांनी युरिया प्रक्रिया करावी. 100 किलो तणसाला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून, प्लास्टिकने हवाबंद झाकून 21 दिवस ठेवावे. उघडल्यावर तासभर वारा लागू द्यावा, मगच घालावे. सहा महिन्यांच्या आतील जनावराला हे नको. युरिया तसाच खुराकात किंवा पाण्यात मिसळणे म्हणजे विष घालणे आहे.

पशुवैद्यकाचा सल्ला आपल्या शहरातच मिळतो. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासूनचे आहे आणि 2000 साली स्थापन झालेल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नागपूरलाच आहे. दहा-बारा मेंढ्या बांधणाऱ्या चार-पाच घरांनी मिळून एक गाडी कुटार आणि ढेपेची पोती एकदम घेतली तर वाहतूक वाटली जाते, किरकोळ दुकानदाराचा नफा वाचतो. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. जूनच्या पहिल्या पावसाआधी ढेप संपेल इतकीच घ्यावी.