धर्मार्थ धांव आणि तिच्या वाटेवरचीं माणसें

परोपकारासाठीं द्रव्य जमविण्याच्या रीती अनेक आहेत. कोठें नाटकाचा खेळ लावतात, कोठें वर्गणीची यादी दारोदार फिरते. शेंकडों लोकांनीं एके दिवशीं मिळून धांवावें आणि त्या निमित्तानें निधि उभारावा, ही रीत त्यामानानें नवी. तिची व्यवस्था पाहणाऱ्यांचें काम वरवर पाहतां रुक्षच. पोलिसांची परवानगी मिळवावयाची, वळणावळणावर माणूस उभा करावयाचा, पिण्याच्या पाण्याची सोय करावयाची आणि अखेर पै-पैचा हिशेब द्यावयाचा. इतकें करून कार्यकर्त्याच्या पदरीं काय पडतें, असा प्रश्न साहजिकच उठतो. त्याचें उत्तर कॅनडांतील एका तरुणाच्या चरित्रांत सांपडतें.

१९७७ सालीं, वयाच्या १८ व्या वर्षीं, टेरी फॉक्स याचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळें गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयांत कर्करोगानें पीडलेलीं लहान मुलें त्यानें पाहिलीं, आणि तेथून तो बाहेर पडला तो त्यांच्या दुःखाचें ओझें मनांत घेऊनच. या रोगावरील संशोधनासाठीं निधि जमवावा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजीं त्यानें पूर्व किनाऱ्यावरील सेंट जॉन्स येथून पश्चिमेकडे धांवण्यास प्रारंभ केला. एक पाय स्वतःचा, दुसरा कृत्रिम. आणि मजल रोजची सुमारें ४२ किलोमीटरांची!

आरंभीं व्यवस्था ती काय? डग अ‍ॅलवर्ड हा एक मित्र गाडी हांकीत बरोबर असे, इतकेंच. परंतु सुमारें १०,००० वस्तीच्या पोर्ट ओ बास्क या गांवानें १०,००० डॉलर टेरीच्या हातीं ठेविले. माणशीं एक डॉलर! तेंच माप पुढें साऱ्या देशासाठीं ठरलें. ऑन्टॅरिओ प्रांतांत कर्करोग संस्थेचे बिल व्हिगर्स यांनीं सभा-स्वागतांचा भार उचलला आणि गर्दी लोटूं लागली.

त्याच प्रांतांत ग्रेग स्कॉट हा दहा वर्षांचा मुलगा टेरीस भेटला. त्यालाही त्याच रोगानें पाय गमवावा लागला होता. एके दिवशीं तो सायकलवर बसून टेरीच्या मागून कांहीं मैल गेला. सारा देश ज्याच्याकडे स्फूर्तीसाठीं पाहत होता, त्यानेंच तो दिवस आपल्या प्रवासांतील सर्वांत स्फूर्तिदायक म्हणून सांगितला. धर्मार्थ धांवेचें मर्म येथें उघड होतें. देणारा कोण आणि घेणारा कोण, याचा निवाडा तेथें होत नाहीं.

१ सप्टेंबर १९८० रोजीं थंडर बे शहराजवळ टेरीस थांबावें लागलें. रोग फुप्फुसांत पसरला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर त्यानें तोडलें होतें. २८ जून १९८१ रोजीं त्याचें निधन झालें. परंतु धांव थांबली नाहीं. हॉटेलांचे मालक इसाडोर शार्प यांचा स्वतःचा मुलगा कर्करोगानें गेला होता. टेरीच्या नांवें दरवर्षीं धांव भरवूं, असें त्यांनीं टेरी हयात असतांनाच त्याला तारेनें कळविलें होतें. १३ सप्टेंबर १९८१ रोजीं पहिल्या धांवेंत सुमारें ३ लाख लोक उतरले.

या धांवेंत बक्षीस नाहीं, पहिला-दुसरा क्रमांक नाहीं. ज्याला धांवतां येत नाहीं, त्यानें चालावें. चालतांही येत नसेल, तर चाकांच्या खुर्चींत बसून यावें. कर्करोगांतून उठलेले लोक लाल सदरे घालून येतात. कोणी गेलेल्या आप्ताचें नांव अंगावर लावून येतो. नांवें टिपून घेणाऱ्या स्वयंसेवकासमोर असा एखादा लाल सदरा उभा राहिला, म्हणजे वहींतील कोरड्या आंकड्याला चेहरा येतो. आपण कोणासाठीं राबलों, हें त्याला कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांस पाणी देणाऱ्या गांवकऱ्याची गोष्ट याहून निराळी नाहीं. तो दारांतला तांब्या सोडून पंढरीस जाऊं शकत नाहीं. परंतु सारी वारी त्याच्या दारावरून जाते, आणि तिच्यांतील प्रत्येक तहानलेलें माणूस त्याला दर्शन देऊन जातें.